सड्याचा कौल

वनमालाकाकींनी सही केली. रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, मुलुंड पूर्वेच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर, निळ्या बॉलपेनाने, पूर्ण नावानिशी. कोणी श्वासबिस रोखला नाही. कुकर झाला होता आणि सगळ्यांना भूक लागली होती.

तर असं काही झालेलं नाही. हे विसरा. आत्ता सकाळचे साडेदहा वाजलेत, कुकर अजून लागायचाय आणि काकींनी बॉलपेनाला हातही लावलेला नाही.

"फक्त एक सही, आई," सर्वेश म्हणाला. आठवडाभरात तो हे वाक्य इतक्यांदा म्हणाला होता की आता ते त्याच्या तोंडून आपोआप निघत होतं.

"देवाक इचारल्याशिवाय नाय."

"बरोबर. साडेअकराला विचारतोय ना देवाला. व्हिडिओ कॉल ठरलाय. पण देव हो म्हणाला तर लगेच करशील?"

"देव काय म्हणता ता तू आधीच सांगतंस? मग कॉल कित्याक करतंस?"

सर्वेशने समोरचा कागद उगाच सरळ केला. तीन महिन्यांपूर्वी तो एका सोलर कंपनीत 'जमीन समन्वयक' म्हणून लागला होता. मुलाखतीत साहेबांनी त्याला आडनाव दोनदा आणि गाव तीनदा विचारलं, तेव्हा आपली विचारपूस होतेय म्हणून त्याला बरं वाटलं होतं. नोकरीवर लागल्यावर पहिल्याच दिवशी नकाशा समोर आला. त्यावर त्याच्याच गावाच्या डोक्यावरचा सडा लाल पेनाने आखलेला होता. डोंगरमाथ्यावरचं काळ्या कातळाचं ते मोठं पठार कंपनीला सगळंच्या सगळं हवं होतं. नोकरी कायम व्हायला आणखी तीन महिने होते.

सड्याच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं होती. त्यातली नऊ माणसं हयात नव्हती आणि तीच सगळ्यात कमी त्रास देत होती. तेरा जणांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली होती फक्त सर्वेशची आई.

"मी तर अंगठो लावलंय," सोफ्यावरून धाकूआबा म्हणाले. काकींचे थोरले दीर, वय चौऱ्याऐंशी. त्यांना सही उत्तम येत होती, पण मोठ्या कामाला अंगठाच शोभतो असं त्यांचं मत होतं. "वनमाला, आता ताणू नको. तो सडो नायतरी काय करता? नुस्तो तापता."

"भावजी, तुमी शेवटचे कधी गेल्लास थय?"

आबांनी आठवून पाहिलं. "शास्त्रीजी वारले तेव्हा."

कोणीच हसलं नाही. आबा विनोद करत नसत.

*

रुचिराला आपण आज कोणाच्या बाजूने बसावं ते कळत नव्हतं, म्हणून ती मधे जमिनीवर बसली होती. मांडीवर लॅपटॉप. लॅपटॉपच्या पाठीवर दोन स्टिकर होते, एकावर आरेचं झाड आणि दुसऱ्यावर हसरा सूर्य. आजपर्यंत त्या दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं.

अंधेरीच्या ऑफिसात ती उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे बनवायची. काल तिने आपलाच सडा उघडून पाहिला होता आणि पहाटेपर्यंत बघत बसली होती.

"सर्वेश, एक विचारू?" नात्याने तो तिचा काका, पण वयाने सहाच वर्षांनी मोठा. काका म्हणायची ती फक्त टोमणा मारताना. "सर्व्हे कधी केलात तुम्ही?"

"मागच्या मे महिन्यात."

"मेच का?"

"ऊन बघायचं होतं ना यार. सोलर आहे."

"मग वनस्पतींच्या रकान्यात काय लिहिलंत?"

सर्वेशने फाईल उघडली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, ती नोकरी कायम झाल्यावर लागणार होती. "'वनस्पती : आढळली नाही. प्राणी : एक म्हैस, बाहेरून आलेली.'"

"हा मेचा फोटो," रुचिराने स्क्रीन वळवली. चॉकलेटी रंगाचं, कोरडं, मेल्यासारखं पठार. "आणि हा ऑगस्टचा."

सगळे पुढे वाकले. आबांनी चष्मा पुसला. तोच सडा, तोच आकार, पण हिरवा. मधेमधे आरशाचे तुकडे पडल्यासारखी चमकणारी डबकी. एका कडेला जांभळट पट्टा.

"ह्या काय?" आबांनी बोट ठेवलं.

"फुलं असणार. एवढा मोठा पट्टा. वरून दिसतायत, आबा, वरून! उपग्रहाला दिसली, आणि यांच्या सर्व्हेअरला पायाशी दिसली नाहीत."

"मे महिन्यात नव्हतीच गं!"

"तेच तर म्हणतेय."

"तू सोलरच्या विरोधात कधीपासून? मागच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तूच भाषण दिलंस ना गच्चीवरच्या पॅनलसाठी?"

"मी विरोधात नाहीये. मला फक्त कळत नाहीये." हे तिने अगदी प्रामाणिकपणे म्हटलं. "मला सोलर हवंय. कोळसा जळायला नकोय. पण गोडाऊनांची छपरं रिकामी आहेत, पार्किंग रिकामी आहेत. तुम्ही थेट डोंगरावरच का जाता? बरं, धूळ बसल्यावर ते पॅनल धुणार कसे?"

"पाण्याने. ठरावीक दिवसांनी."

"पाणी कुठून?"

सर्वेशने फाईलमध्ये पाहिलं. मग परत पाहिलं. "स्थानिक स्रोत."

"म्हणजे?"

"म्हणजे… स्थानिक. जो असेल तो."

वनमालाकाकी इतका वेळ टेबलावर लसूण सोलत होत्या. त्यांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली. "थय एकच आसा. सड्याखालची झर."

*

रुचिराचा बाबा सुबोध स्वयंपाकघरातून ऐकत होता. विम्याच्या कंपनीत बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्यापासून तो रविवारचा स्वयंपाक करायचा आणि कोणताही कागद शेवटच्या पानापासून वाचायचा. करारनाम्याची प्रत त्याने फ्रिजवर चुंबकाने लावली होती. स्वतःची सही त्याने महिन्यापूर्वीच केली होती, न वाचता, कारण चुलतभावाच्या नोकरीचा प्रश्न होता. आता कोलंबी साफ करता करता तो ती वाचत होता.

"सर्वेश," तो हात पुसत बाहेर आला, "कलम एकोणीस वाचलंस?"

"सुबोधदादा, तू सही केलीयस."

"म्हणूनच विचारतोय. एकोणतीस वर्षांनी करार संपला की जमीन 'ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत' परत. म्हणजे फुटक्या काचा, सिमेंटचे खांब, वायरी, सगळं आपलं?"

"कंपनी नेईल ना."

"कुठे लिहिलंय?"

"नेईलच की. असं कोण टाकून जातं?"

सुबोधने त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर त्याने लोकांना 'असं कोण करतं' याचेच पैसे नाकारले होते. "एकोणतीस वर्षांनी मी पंच्याऐंशीचा असेन. काठी टेकत सड्यावर जाऊन काचा वेचायच्या मी?"

"कंपाउंडही घालणार का रे?" रुचिराने विचारलं.

"घालायलाच लागतं. चोऱ्या होतात."

"मग गावातल्या लवूकाकाची गुरं कुठे चरणार?"

"लवूकाकाचं नाव सातबाऱ्यावर नाहीये," सर्वेश म्हणाला आणि म्हटल्याबरोबर त्याला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं.

ते खरं होतं. लवूच्या वडिलांचं नाव लावायचं राहून गेलं होतं. गेल्या साठ वर्षांत कोणीतरी पुढच्या मे महिन्यात ते लावणार होतं. त्यामुळे जमीन मुलुंड, बोरिवली, मालाड आणि एक फाटा दुबई इथल्या तेवीस जणांची होती. लवूचा तिच्यावर काही हक्क नव्हता. तो फक्त तिथे राहायचा.

*

साडेअकराला लवूचा फोन आला. सर्वेशने तो टीव्हीवर लावला. पन्नास इंची पडद्यावर आधी लवूच्या नाकपुड्या आल्या, मग कपाळ, मग देवळाचा गाभारा.

"दिसता मां?" लवू ओरडला. साठीचा सडसडीत गडी, अंगात नातवाचा टीशर्ट. "मागचो क्यामेरो सड्यार पडान फुटलो हा. म्हणान पुढच्यान धरलंय. देव माझ्या पाटसून बघा."

लवूने सेल्फी काढतात तसा फोन धरला होता. त्याच्या खांद्यावरून देवाची काळी पाषाणमूर्ती दिसत होती. छातीच्या दोन्ही बाजूंना फुलाची एकेक पाकळी ओल्या बोटाने चिकटवलेली. देवाच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. एवढाच नियम होता, आणि त्यावर त्या गावात लग्नं, बोअरवेल आणि एक ग्रामपंचायत निवडणूक पार पडली होती.

आबांनी टोपी घातली. सगळे हात जोडून टीव्हीसमोर उभे राहिले. तेवढ्यात एक पाकळी पडली.

"पडली!" सर्वेश ओरडला. "डावीकडची."

"आपल्या डाव्याक," आबांनी दुरुस्त केलं. "देव आपल्याकडे तोंड करून आसा. आपला डावा ता देवाचा उजवा. म्हणजे होकार."

"होकार!" सर्वेशने पेनाचं टोपण काढलं.

"एक मिनिट," रुचिरा टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "देवळातली पाटी बघा. 'चपला बाहेर काढाव्यात'. अक्षरं उलटी दिसतायत. हा कॅमेरा आरशासारखं दाखवतोय. म्हणजे जे डावीकडे दिसतंय ते उजवीकडे आहे."

"मग नकार," सुबोध म्हणाला.

"पण टीव्हीवर टाकताना परत उलटलं असेल तर?" सर्वेश.

"मग पाटीही सुलटी झाली असती ना!"

"मग लवू खयच्या बाजूक उभो आसा?" आबांनी विचारलं, आणि ते स्वतः गर्रकन फिरून देवासारखे उभे राहिले. सुबोध त्यांच्यासमोर लवू झाला. सर्वेशने मोबाईल धरून कॅमेरा व्हायचं कबूल केलं. पाच मिनिटं मुलुंडच्या हॉलमध्ये देव, भक्त आणि फोन यांनी एकमेकांचे हात धरून उजवं-डावं ठरवलं. त्यात आबांना दोनदा होकार आणि तीनदा नकार मिळाला.

"लवू," काकी शांतपणे म्हणाल्या, "गुरवाक इचार मरे."

लवू बाजूला झाला. गुरव पुढे आला, हातात तांब्या. "ती पाकळी कालची," तो म्हणाला. "हरवलेल्या म्हशीच्या कौलाची. आता सुकान पडली. अजून तुमचा गाऱ्हाणा घालूक खय?"

आबांनी टोपी नीट केली. सगळे पुन्हा आपापल्या जागी आले.

"आणि म्हैस?" रुचिराला राहवेना.

"गावली. सड्यार बसलेली, कोंडीतल्या पाण्यात."

"आत्ता, मे महिन्यात, सड्यावर पाणी असतं?"

"म्हशीक ठावक आसा खय असता ता," गुरव म्हणाला.

त्याने नव्या पाकळ्या चिकटवल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलुंड एका आवाजात ओरडलं. शेजारच्या शहांच्या घरी कुत्रा भुंकला.

"आज तुझी लेकरा चाकरमानी तुझ्या पायाशी इली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या सड्यार सोलर कंपनी येता म्हणतत, कातळ फोडून सपाट करतत म्हणतत!"

"व्हय म्हाराजा!" आवाज जरा उतरला होता.

"गेल्या म्हयन्यात तेंची माणसा झरीर पंप लावून गेली. दोन दिस झर पिवळी व्हावली. अकरा घरा ता पाणी गाळून प्याली. ती झर आता तेंच्या काचो धुवूक देवची म्हणतत!"

कोणीच काही म्हणालं नाही.

गुरवाने एक डोळा उघडला. "व्हय म्हणाक व्हया."

*

आबांच्या तोंडात शब्द तयार होता. चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांनी या शब्दाला कधी अडवलं नव्हतं. गिरणीत जॉबरला व्हय म्हटलं, युनियनला व्हय म्हटलं, आणि टाळं लागलं तेव्हा टाळ्यालाही. सकाळच्या पाळीला गेलं की कापड विणायच्या साच्यांच्या खोलीत ऊन दिसायचं नाही. म्हणून उन्हावर चालणारी गिरणी निघतेय असं ऐकल्यावर त्यांना फार नवल वाटलं होतं. ती बघायची म्हणून त्यांनी अंगठा लावला होता. एवढंच कारण होतं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता शब्द जिभेवर होता आणि पुढे सरकत नव्हता.

"व्ह—" सर्वेशने सुरुवात केली. आईकडे पाहिलं. थांबला.

"तुमी व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणा पुढे जाणा नाय," गुरव म्हणाला. "नि नाय म्हणाची पद्धत नाय आमच्यात. मग देवाक मी काय इचारू? आणि एक सांगतंय. तुमी देवाक इचारूक इलास, ता बरा केलास. पण आमी हंय रवतो. आमका कोणी इचारूक नाय."

लवू फोनमागे उभा होता. तो टीशर्टच्या टोकाने फोन पुसत राहिला, त्यामुळे पडद्यावर नुसतं निळं कापड हललं.

"लवू," काकी म्हणाल्या. "तुका पंप लावल्याचा ठावक होता. माका कित्याक सांगूक नाय?"

निळं कापड थांबलं. "सर्वेशाची नोकरी आसा ना, काकी."

फोन बंद झाला. टीव्हीवर कॉलआधीची कोरियन मालिका परत आली, जी कोणीच बघत नव्हतं.

*

काकींनी लसणाची वाटी बाजूला सारली.

"गिरणीच्या संपात तुझे बाबा हंय रवले नि मी मानसीक घेऊन गावाक गेलंय," त्या सर्वेशला म्हणाल्या. मानसी त्याची थोरली बहीण, तेव्हा चार वर्षांची. "तीन वर्सां. तुझो जल्म नव्हतो. माका कळशी घेवन चढाक येय नाय. मुंबयची ना मी, पाय सरकायचो. लवूची आवस माका पयलो नंबर देई. फाल्गुनात झर बारीक होता, करंगळीएवढी. तरी माका पयलो नंबर. कोण तिका इचारी, तर म्हणायची, हिची कळशी भरूक येळ लागता, म्हणान आधी."

"आई, मला माहीत नव्हतं ते पंपाचं. शप्पथ."

"ठावक आसा. कातळाक भोका आसत, झिला. पावस तेतून आत जाता. सा म्हयने खाली येत रवता. तो सडो म्हणजे टाकी आसा. तुमी टाकीचा झाकण फोडून तेच्यार आरसे लावतास."

सर्वेशने पेनाला टोपण लावलं. मग काढलं. मग लावलं. "सही नाही झाली तर मला कायम नाही करणार."

"नाय करूचे."

"आणि कंपनी शेजारच्या सड्यावर जाईल."

"तेंच्या काकीक तेनी बघूचा."

सुबोध म्हणाला, "माझी सही मागे घेता येते का? नोटीस देऊन?"

"माझो अंगठो?" आबांनी विचारलं आणि अंगठ्याकडे असं पाहिलं, जणू तो परस्पर जाऊन आला होता.

"रुचिरा," काकी म्हणाल्या, "कलेक्टराक अर्ज करूचो आसा. लिही."

रुचिराने लॅपटॉप ओढला. "काय लिहू, धाकटी आजी? 'आमचा सौरऊर्जेला विरोध नाही, परंतु—'"

"असं नाही लिहीत," सर्वेशच्या तोंडून निघून गेलं. "आधी विषय. मग संदर्भ. मग 'वरील विषयास अनुसरून'. नाहीतर आवकला घेतच नाहीत." तो थांबला. तीन महिन्यांत शिकलेली ती एकुलती एक उपयोगी गोष्ट होती. मग त्याने हात पुढे केला. "दे इकडे. मी करतो टाईप."

पुढचा तासभर काकी सांगत होत्या, सर्वेश टाईप करत होता, सुबोध प्रत्येक वाक्यातली पळवाट बुजवत होता आणि रुचिरा दोन्ही फोटो जोडत होती. आबांनी एकच दुरुस्ती सुचवली आणि ती घेतली गेली. एक वाजता कुकर झाला. एक वाजून दहा मिनिटांनी प्रिंट निघाली आणि काकींनी सही केली.

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब यांस,

विषय : आमचा सडा योग्य महिन्यात पाहण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करते की, आमच्या सामायिक सड्याची पाहणी मे महिन्यात दुपारी बारा वाजता होऊन तो 'पडीक, वनस्पतीविरहित' असल्याचा शेरा मारण्यात आला आहे. सदर वेळी आम्हीही तसेच दिसतो.

तरी आपण स्वतः ऑगस्ट महिन्यात पाहणीस यावे. गाडी खाली ठेवून चालत चढावे. छत्री आणू नये. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सड्यावर उभे राहून पाणी कुठे जाते ते पाहावे. त्यानंतर फाल्गुनात पुन्हा एकदा यावे व सड्याखालील झरीवर श्री. लवू यांच्या मागे रांगेत उभे राहून एक कळशी भरावी. आपणांस सवय नसल्याने आपला पाय सरकेल, म्हणून आपणांस पहिला नंबर देण्यात येईल. ती कळशी वाडीतील शेवटच्या घरापर्यंत न सांडता पोहोचवावी, व त्या घरातील माणसांस विचारावे.

एवढे झाल्यावर आपल्या मते सडा पडीकच असेल, तर तसा शेरा कृपया पुन्हा मारावा. माझी हरकत राहणार नाही.

ता.क. : हे आरसे रात्री काय करतात, याचीही माहिती मिळावी. (सूचना : श्री. धाकू, वय ८४, डाव्या हाताचा अंगठा.)

आपली विश्वासू,
वनमाला

सोबत : १) मे महिन्याचा फोटो. २) ऑगस्ट महिन्याचा फोटो. ३) रिकामी कळशी, नग एक. काम झाल्यावर परत मिळावी, ही नम्र विनंती.